तीन महिने कुणाकुणापासून लपवायचे?

प्रश्न : मी 29 वर्षांची आहे. माहेर देवासचे, सासर इंदूरला राजेंद्रनगरात. घरी सासू-सासरे, दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघे आहोत. विजयनगरच्या एका कार्यालयात मी नोकरी करते. पाळी चुकली, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या आणि गेल्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले. डॉक्टरांनी सात आठवडे झाल्याचे सांगितले. मूल आम्हाला हवेच होते, तरी रेघा पाहून मला आनंद झाला नाही, भीती वाटली. आता तर कारण नसताना रडू येते. सकाळी पोह्यांना फोडणी पडली की पोटात ढवळू लागते ते संध्याकाळपर्यंत. मध्येच दोन दिवस मळमळ एकदम थांबली, तर आणखीच घाबरले. एकदा तपकिरी डाग दिसला, तो कुणालाच सांगितला नाही. जाऊबाईंचा गर्भ गेल्या वर्षी अडीच महिन्यांचा असताना पडला. त्यामुळे तीन महिने होईपर्यंत कुणाला कळता कामा नये, त्यांनाही नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. माझ्या आईलाही मी अजून सांगितलेले नाही. यांच्याशी बोलायला गेले तर म्हणतात, 'सगळ्याच बायकांना होते.' स्कूटी चालवावी की नाही, हेही कुणी नीट सांगत नाही. माझे काही चुकते आहे का?
— नाव न छापण्याची विनंती, इंदूर

उत्तर : आधी त्या तपकिरी डागाविषयी लिहिते. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकला आहे, पण मनात ठेवण्यासारखी गोष्ट ती नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांपैकी एका स्त्रीला कधी ना कधी थोडेफार अंगावरून जाते आणि त्यांतल्या बहुतेकींचे गरोदरपण पुढे नीट पार पडते. तपकिरी रंग म्हणजे बहुधा आधी साचलेले आणि आता सावकाश बाहेर येणारे रक्त. गर्भ गर्भाशयातच आहे आणि त्याचे ठोके पडत आहेत, हे सोनोग्राफीत दिसलेले असेल, तर नळीत गर्भ राहण्याची मोठी धास्तीही तुमच्या बाबतीत जवळजवळ उरत नाही. तरीही हे वाचून झाल्यावर डॉक्टरांना फोन करा आणि डाग कधी दिसला, किती होता, पोटात दुखत होते का, हे सांगा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तो आवर्जून सांगा, कारण अशा वेळी अँटी-डी इंजेक्शन द्यायचे की नाही हे त्यांना ठरवावे लागते. मात्र लालभडक रक्त जाऊ लागले, तासाभरात पॅड भिजू लागले, गाठी पडल्या, ओटीपोटात एका बाजूला असह्य कळ आली, खांद्याच्या टोकाशी दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन घेरी आली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका आणि सासूबाई काय म्हणतील याचाही विचार करू नका. एम.वाय. असो, एम.टी.एच. असो की तुमचे नेहमीचे खासगी रुग्णालय, जिथे रात्री डॉक्टर असतात तिथे पोहोचा. गाडीची सोय नसेल तर 108 वर फोन करा.

आता मळमळीकडे वळते. तुमचे सात आठवडे हे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले आहेत. प्रत्यक्षात गर्भ राहून पाचच आठवडे झाले आहेत आणि आतला जीव जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा आहे. (हा हिशेब घरातल्या मंडळींनाही समजावून सांगावा. या दोन आठवड्यांच्या फरकावरून नको ते तर्क लढवणारी घरे मी पाहिली आहेत.) मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वांत जोर धरते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान बहुतेकींची ओसरते. म्हणजे तुमचा सर्वांत कठीण पंधरवडा अजून यायचा असण्याची शक्यता आहे, हे आताच सांगून ठेवलेले बरे. दहांपैकी सात-आठ जणींना हा त्रास होतो आणि तो फक्त सकाळीच होतो असे मुळीच नाही. तुमच्यासारखा दिवसभर पुरणारा प्रकारही नेहमीचाच आहे. तो नाजूकपणा नव्हे आणि नखरे तर नव्हेतच. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-15 नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात उतरते, ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करते, आणि गरोदर होण्याआधी जिच्या रक्तात ते कमी असते तिला या अचानक वाढीचा त्रास अधिक होतो, असे 2023 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. त्यामुळे 'मन खंबीर ठेव, म्हणजे उलट्या होणार नाहीत' हा उपदेश ज्या कोणी केला असेल, त्यांना एवढे एक वाक्य वाचून दाखवा.

मळमळ दोन दिवस थांबली म्हणून तुम्ही घाबरलात, हे मात्र मला अगदी समजते. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसत नाही, हालचाल कळत नाही, आणि आत सगळे ठीक आहे याची एकमेव खूण म्हणून बाई आपल्या त्रासालाच धरून बसते. पण ही खूण भरवशाची नाही. मळमळीला चढउतार असतात. एखादा दिवस बरा जातो, पुढचा वाईट जातो, आणि काहींना तर सुदृढ बाळ होऊनही कधी कोरडी उलटीसुद्धा झालेली नसते. लक्षणांवरून गर्भाची तब्येत रोज जोखण्याचा हा खेळ सोडून द्यावा. तसेच 'एवढ्या उलट्या म्हणजे मुलगीच' असले अंदाज कुणी बांधत असेल, तर तो विषय तिथेच थांबवा. गर्भलिंगनिदान 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि उलट्यांवरून ते करता येत नाही.

फोडणीविषयी बोलायचे तर इंदूरच्या घरात पोहे बंद होणार नाहीत, हे मी जाणते. पण तुमचा सकाळचा अर्धा तास त्या धुरापासून दूर, उघड्या खिडकीशी जावा, एवढी व्यवस्था नक्की होऊ शकते. अंथरुणातून उठण्याआधी चार लाह्या, कुरमुरे किंवा खाकऱ्याचा तुकडा चावून खावा आणि मग दहा-पंधरा मिनिटांनी सावकाश उठावे. पोट रिकामे राहिले की मळमळ वाढते, आणि गच्च भरले तरी वाढते. म्हणून दर दोन तासांनी थोडे थोडे खावे. गरम पदार्थांचा वास अधिक सुटतो, त्यामुळे गार दहीभात, ताकभात किंवा फळे अनेकींना सोसतात. शेव आणि जिरावन घालून खाण्याची सवय असलेल्या जिभेला हे बेचव वाटेल, पण काही आठवड्यांचाच प्रश्न आहे. आले किंवा सुंठ यांनी थोडा उतार पडतो. पाणी जेवताना घटाघटा न पिता मधल्या वेळात घोटघोट घ्यावे. या महिन्यांत 'दोघांचे' खाण्याची गरज नसते आणि वजन वाढले नाही किंवा किंचित उतरले तरी चिंता करू नये.

एवढ्याने भागले नाही, तर औषध मागायला संकोच करू नका. बी-6 जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांची जोडगोळी गरोदरपणातल्या मळमळीसाठी जगभर पहिली दिली जाते. अमेरिकेत खटल्यांच्या माऱ्यामुळे 1983 साली उत्पादक कंपनीने हेच औषध बाजारातून काढून घेतले होते. अनेक अभ्यासांनी ते सुरक्षित असल्याचे दाखवल्यावर 2013 साली त्याला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. त्याने झोप येते, म्हणून डॉक्टर ते बहुधा रात्री घ्यायला सांगतात. फॉलिक अ‍ॅसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मात्र चुकवू नका. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया याच आठवड्यांत घातला जातो. लोहाची गोळी कुणी आताच सुरू केली असेल आणि तिने मळमळ वाढत असेल, तर ती चौथ्या महिन्यापासून घेतली तर चालेल का, असे डॉक्टरांना विचारा. पाण्याचा घोटही दिवसभर टिकेना, लघवी गडद होऊन फारच कमी होऊ लागली किंवा वजन झपाट्याने उतरले, तर ती साधी मळमळ राहिलेली नाही असे समजून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तिथे सलाइन लावले की एका दिवसात बराच फरक पडतो.

शरीराच्या बाकीच्या तक्रारी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, तरी त्या येतील. दुपारी चार वाजताच गात्रे गळून जावीत असा थकवा येतो, स्तन दुखरे आणि जड होतात, लघवीला वारंवार जावे लागते, बद्धकोष्ठ होते, आणि गर्भाशय वाढत असल्यामुळे ओटीपोटात पाळीसारखे हलके ओढल्यासारखे वाटते. हे सारे अपेक्षितच आहे. लघवीला जळजळ आणि त्यासोबत ताप मात्र अपेक्षित नाही. त्यावर लगेच उपचार लागतात. डोकेदुखीवर घरातल्या डब्यातली कोणतीही गोळी घेऊ नका. पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात. पिकलेल्या पपईच्या फोडीने काही होत नाही. कच्च्या पपईचा चीक वर्ज्य करावा, एवढेच.

'मला आनंद झाला नाही' हे वाक्य लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल, याची मला कल्पना आहे. दोन रेघा दिसताच डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, हे दृश्य जाहिरातींत सर्रास दिसते. दवाखान्यात मला त्याहून अधिक वेळा गोंधळलेले, हबकलेले, कधी अगदी निर्विकार चेहरे दिसतात, आणि त्यांत वर्षानुवर्षे उपचार घेऊन दिवस गेलेल्या स्त्रियाही असतात. हवेहवेसे मूलसुद्धा आपल्या नोकरीत, झोपेत, शरीरात आणि नवऱ्याशी असलेल्या नात्यात उलथापालथ करणार आहे, हे तुमच्या मनाने तुमच्याआधी ओळखले आहे. त्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी भराभर चढते आहे, पोटात अन्न ठरत नाही, झोप पुरी होत नाही, आणि घरातल्या घरात एक गुपित सांभाळायचे आहे. अशा बाईला रडू आले नाही तरच नवल. या भीतीचा पुढच्या मायेशी काही संबंध लावू नका. कुणाला बाळाची पहिली हालचाल कळल्यावर जीव लागतो, कुणाला बाळ मांडीवर आल्यावर, आणि कुणाला त्यानंतरही काही आठवडे लागतात. त्यांतली कुणीही कमी आई नसते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. दोन आठवडे सलग, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिले, कशातच गोडी वाटेना, मळमळ नसतानाही जेवावेसे वाटेना, थकूनही झोप लागेना, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर ते केवळ संप्रेरकांच्या माथी मारू नये. गरोदरपणातले नैराश्य हा आजार आहे, तो पुष्कळ जणींना होतो आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचा विचार एकदा जरी मनात आला, तरी दोन आठवडे थांबू नका. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना गाठा किंवा टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे चोवीस तास निःशुल्क बोलता येते. पूर्वी कधी मनाच्या आजारासाठी औषधे चालू झालेली असतील आणि ती अजून घेत असाल, तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि आता सासूबाईंच्या नियमाकडे येते, कारण तुमच्या पत्रातले निम्मे दुःख मला त्यातूनच आलेले दिसते. नियम निराधार नाही. दिवस गेल्याचे कळल्यानंतर शंभरातले दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत आणि त्यांतले सुमारे 80 टक्के पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. जुन्या बायकांकडे आकडे नव्हते, पण अनुभव होता. आणि गेल्या वर्षी सूनबाईचे दुःख पाहिलेल्या सासूने पुन्हा तेच प्रश्न लोकांनी विचारू नयेत म्हणून तोंड बंद ठेवायला सांगितले, तर त्यात मला दुष्टावा दिसत नाही. पण हा नियम कुटुंबाचे चौकशांपासून रक्षण करतो आणि बाईला मात्र तिच्या सर्वांत अवघड आठवड्यांत एकटी पाडतो. आपल्याकडची चोरओटी आठवा. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरायची, पण भरायची. जगाला कळू द्यायचे नाही, मात्र जवळच्या बायकांनी तिच्या पाठीशी राहायचे, असाच त्या रीतीचा अर्थ मला दिसतो. सासूबाईंशी बोलताना हाच धागा धरा. त्यांना तो परका वाटणार नाही.

सांगायचे कुणाला, हे ठरवताना मी एकच कसोटी लावायला सांगते. उद्या काही विपरीत घडले, तर ज्यांच्यापाशी जाऊन रडावेसे वाटेल त्यांना आजच सांगावे. ज्यांना केवळ बातमी म्हणून कळणार आहे, ते तीन महिने थांबू शकतात. या कसोटीवर तुमची आई पहिली उतरते. देवास काही लांब नाही. तिला फोन करण्यासाठी तुम्हाला कुणाची परवानगी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाऊबाईंचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या आणि स्वतः त्या मळमळीतून गेलेल्या स्त्रीला, तुम्ही फोडणीच्या वेळी का उठून जाता हे कळले नसेल असे मला वाटत नाही. आपल्याला मुद्दाम दूर ठेवले आहे, आपली दृष्ट लागेल अशी घरच्यांना भीती वाटते, असा अर्थ त्यांनी काढला तर ती जखम गर्भ गेल्याच्या जखमेहून लहान नसेल. म्हणून आधी सासूबाईंना विश्वासात घ्या आणि मग जाऊबाईंना तुम्ही स्वतः, सर्वांसमोर नव्हे तर दोघीच असताना, थोडक्यात सांगा. त्यांनी आनंद दाखवावा अशी अपेक्षा ठेवू नका. त्या उठून खोलीत गेल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, तरी तो राग तुमच्यावरचा नसेल. गरोदर असल्याबद्दल त्यांची क्षमाही मागू नका. त्याने त्यांच्यावर तुमची समजूत घालण्याचे आणखी एक ओझे पडते. 'तुमच्या वेळच्या गोष्टी मला ठाऊक आहेत, तुम्हाला हवे तेव्हाच या विषयावर बोलू,' एवढे पुरे आहे.

सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत गुणसूत्रांतला दोष कारणीभूत असतो आणि तो बहुधा गर्भ राहतानाच योगायोगाने घडलेला असतो. घरातली नेहमीची कामे, जिना चढणे, रडणे, भांडणे, नवरा-बायकोचा संबंध यांनी गर्भ पडत नाही. तुमच्या भीतीसाठी हे ठाऊक असणे जरूर आहेच, पण जाऊबाईंना ते गेल्या वर्षी कुणी सांगितले होते का, याविषयी मला शंका आहे. आपल्या घरांत अशा वेळी 'तू ते केलेस ना, म्हणून' असे वाक्य कुणीतरी बोलून जाते आणि ती बाई ते आयुष्यभर बाळगते.

तुमच्या यजमानांचे म्हणणे खरे आहे. सगळ्याच नव्हे, पण पुष्कळ बायकांना होते. एवढे बोलून विषय संपत नाही, इतकेच. 'मला समजून घ्या' असे म्हटले की पुरुष गडबडतात, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा नेमके काम सांगावे. सकाळची फोडणी त्यांनी द्यावी किंवा त्या वेळी तुम्हाला घेऊन गच्चीत जावे, डॉक्टरांकडे जाताना सोबत यावे आणि प्रश्न एका कागदावर लिहून आणावेत, कारण दवाखान्याच्या गर्दीत निम्मे प्रश्न विसरले जातात. डागाची गोष्ट आज त्यांना सांगा. आईआधी, सासूबाईंआधी, त्यांनाच.

स्कूटीने गर्भ पडत नाही. धोका आहे तो पडण्याचा आणि घेरी येण्याचा, आणि राजेंद्रनगर ते विजयनगर म्हणजे ऐन गर्दीत अख्खे शहर ओलांडणे आहे. मळमळ जोरात असेपर्यंत, आणि झोप आणणारे औषध चालू असेपर्यंत तर नक्कीच, गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या किंवा रिक्षा करा. बरे वाटू लागल्यावर हेल्मेट घालून सावकाश चालवायला हरकत नाही. कार्यालयात सर्वांना सांगायची गरज नाही, पण एका वरिष्ठांना सांगितलेत तर उशीर आणि सुट्ट्या यांचे खोटे खुलासे द्यावे लागणार नाहीत. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा कायद्याने मिळते, आणि गरोदरपणामुळे आजारपण आल्यास वैद्यकीय दाखल्यावर महिनाभराची जादा रजाही मागता येते, हे त्यांच्याशी बोलण्याआधी माहीत असलेले बरे. पुढची महत्त्वाची सोनोग्राफी अकराव्या आठवड्यापासून चौदावा पूर्ण होण्याच्या आत करायची असते. तिची वेळ आताच घेऊन ठेवा आणि त्या दिवसाची सुट्टी यजमानांनाही काढायला सांगा.